माळ्यावर ५८ काचेच्या बरण्या निघाल्या. काय करू?

पेठेतली_सून (शिवाजी पेठ, कोल्हापूर):

घराला रंग काढायचा म्हणून परवा माळा रिकामा केला. पत्र्याचे दोन डबे, एक मोडकी खुर्ची, पोराचा पाळणा, आणि त्याच्या मागं नुसत्या काचेच्या बरण्या. खाली उतरवून मोजल्या तर ५८. धुऊन, पुसून, उन्हात पालथ्या घालून पार दमलो. (होय, बाईच आहे. पेठेत आम्ही 'दमलो'च म्हणतो.)

या सगळ्या माझ्या सासूबाईंच्या. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींनी पंधरा-वीस वर्षं उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून दिली. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, वाटीतली ओली नव्हे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं खुडायची, कडक ऊन द्यायचं, डंकावर कुटून आणायची आणि गल्लीतल्यांनी आणून दिलेल्या जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या बरण्यांत दाबून भरायची. रिकामी बरणी परत केली की पुढच्या वर्षी दहा रुपये कमी. लोकं इमानदारीत बरण्या परत करत राहिली, आत्तींचे गुडघे गेले, चटणी थांबली आणि बरण्या आमच्या माळ्यावर आल्या.

हिशेब असा: ३१ जॅम-मधाच्या, पत्र्याच्या झाकणाच्या. १४ कॉफीच्या, प्लॅस्टिक झाकणाच्या. ९ लोणच्याच्या, थोराड. आणि ४ अमेरिकेच्या, दिराच्या पोरानं आणलेल्या. त्यांचं झाकण दोन तुकड्यांचं आहे, चकती वेगळी आणि कडं वेगळं. आत्तींनी त्या कधी वापरल्याच नाहीत, "दोन झाकणं कोण सांभाळणार" म्हणून.

भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काच नको वैनी, कागद असला तर बोला."

मी आत्ता काय करते ते सांगते, म्हणजे तेच परत कुणी सांगणार नाही. मटकीला मोड मी फडक्यात न बांधता बरणीतच आणते. मटकी पाव बरणीच घ्यायची, कारण ती फुगून वर येते. रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी ओतून टाकायचं, तोंडाला सुती फडकं लावून रबर चढवायचं आणि बरणी ताटलीत तिरपी पालथी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ एकदा विसळायचं. दीड दिवसात मिसळीजोगे मोड येतात, आणि फडक्यासारखे धाग्यात अडकून तुटत नाहीत. देवघरात कापूर बरणीतच, चार मिरे टाकून. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला तर कापूर उडून जातो तो जातोच, वर डबीही चिकट करून ठेवतो. कोथिंबिरीची जुडी ग्लासात ठेवावी तशी पाण्यात उभी करायची आणि वरून पिशवी घालून फ्रीजमध्ये. एवढं येतं मला.

दोन चुका पण सांगते. गेल्या वर्षी कढवलेलं गरम तूप सरळ बरणीत ओतलं. बूड गोल कापल्यासारखं सुटलं आणि अर्धा किलो तूप ओट्यावर. दुसरी, मनी प्लँटच्या सात बरण्या खिडकीत मांडल्या होत्या. तपासणीला आलेल्या आरोग्य सेविकेनं मोबाइलची बॅटरी लावून दाखवलं, आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तेव्हापासून रविवारी आमच्यात कोरडा दिवस असतो, पाणी बदलून बरण्या आतून घासायच्या. सातांच्या दोन केल्या.

तर रोजच्या वापरातलं काही सांगा. बरणी रंगवा, सुतळी गुंडाळा, आत दिव्यांची माळ सोडा हे नको. ती पुसायची कुणी?


उद्यमनगरी:

वैनी, सगळ्या पत्र्याच्या झाकणाच्या बाजूला काढा. आमच्या शेडमध्ये बारा वर्षं झाली हा जुगाड आहे.

फळीच्या खालच्या अंगाला झाकणं स्क्रूनं मारायची, तोंड खाली. मग खालनं बरणी फिरवून चढवायची. बरणी लटकून राहते, आतलं सगळं दिसतं, टेबल मोकळं. आमच्याकडं वॉशर, स्प्रिंग वॉशर, एम-६ चे बोल्ट असलं भरलेलं असतंय. तुम्ही बटणं, हुक, बॉबिन भरा.

आता ध्यानात ठेवा. झाकणाला दोन स्क्रू मारायचे. एकच मारला तर बरणी उघडताना झाकण बरणीबरोबर गरागरा फिरतंय आणि स्क्रू ढिला होतोय. मी पैल्यांदा एकच मारलेला. पावशेर खिळं भरलेली बरणी पायावर आली, अंगठ्याचं नख गेलं. पत्र्याला आधी खिळ्यानं भोकं पाडून घ्या, आणि स्क्रूखाली वॉशर टाका, नायतर पत्रा फाटतोय. कॉफीची प्लॅस्टिकची झाकणं चालत नाहीत, तडकतात. जड माल भरायचा नाही. आणि डोक्यावर येईल अशा जागी फळी मारू नका.

अजून एक. आमच्यातल्या एका पोरानं जॅमच्या बरणीत डिझेल ओतून गंजलेलं नट भिजत घातलेलं. दुसऱ्यानं चहा समजून तोंडाला लावली. थुंकला म्हणून वाचला. खाण्याच्या बरणीत रॉकेल, ॲसिड, फिनेल काय भरायचं नाही. चिठ्ठी लावून पण नाही.


कराडचे_आजोबा:

सूनबाई, तुमच्या तुपाच्या बरणीचं कारण सांगतो. आमचे वडील ओगलेवाडीच्या काच कारखान्यात होते, त्यामुळं घरात जेवताना सुद्धा काचेच्याच गोष्टी.

काच उष्णता फार सावकाश पुढं देते. गरम तूप पडलं की आतला थर लगेच फुगतो, बाहेरचा अजून गारच असतो. त्या ओढाताणीत काच सुटते, आणि बूड जाड असल्यामुळं तिथंच आधी. तुमचा ओटा दगडी असेल, म्हणजे बूड खालून अजून गार. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती कशी तडकायची, ते माझ्या वयाच्या माणसांना आठवेल. प्रभाकर कंदील ओगलेवाडीचाच. काच भट्टीतून काढली की तिला घाईनं गार करत नाहीत, हळूहळू निववतात. घाई केली तर आत ताण अडकून बसतो आणि पुढं कधीतरी साध्या धक्क्यानं फुटते. आपल्या भागात हे शिक्षण तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यापासून सुरू झालं, तो १९०८ चा.

तूप ओतायचं असेल तर बरणी आधी कोमट पाण्यात, मग जरा गरम पाण्यात ठेवून कोरडी करा. खाली लाकडी पाट किंवा घडी घातलेलं फडकं. तूपही कोमट होऊ द्या, कढत ओतायची घाई कशाला?

आणि त्या दोन तुकड्यांच्या झाकणाच्या बरण्यांना तिकडं मेसन जार म्हणतात. जॉन लँडिस मेसन नावाच्या माणसानं १८५८ साली बरणीच्या गळ्याला आटे पाडायची युक्ती पेटंट केली. त्याआधी तोंडं मेणानं बंद करत असत. १८७९ ला पेटंटची मुदत संपली आणि जो तो कारखाना त्या बरण्या काढायला लागला. पुढं कित्येक वर्षं बरण्यांवर ते १८५८ चं पेटंट तसंच उमटवत राहिले, म्हणून बरणीवर १८५८ वाचून कुणी ती तेवढी जुनी समजून हजारो रुपये मोजू नयेत. मेसनच्या हातात मात्र फार काही राहिलं नाही.


पेठेतली_सून:

आजोबा, ओटा कडाप्प्याचाच आहे. तुम्ही न बघता ओळखलात.

उद्यमनगरी दादा, शिलाई मशीनच्या वर फळी आहे, तिथं करते. अंगठ्याची काळजी घ्या.


सुगरण_राजारामपुरी:

मी सगळा लसूण एकदाच सोलते आणि बरणीत तेलात बुडवून ओट्यावर ठेवते. महिनाभर बघायला नको. फोडणीला तेलच लसणाचं मिळतं. ताई, तुमच्या मधाच्या बरण्या याला एकदम बेस्ट.


शुक्रवार_पेठ_खालची_आळी:

आमच्याकडं बरणीचा उपयोग पुरानं शिकवला.

पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या आळीत पोरं पाढ्यासारखं म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पाहुण्यांकडं गेलो. परत आलो तेव्हा फ्रीज आडवा, भांड्यांत गाळ, आणि स्वयंपाकघराच्या माळ्याच्या कडेला चार बरण्या गाळात टेकून बसलेल्या. अर्ध्या भरलेल्या होत्या त्या तरंगत वर गेल्या होत्या. गच्च भरलेल्या लोणच्याच्या खाली फडताळातच.

बायको म्हणाली, झाकण घट्ट आहे, लोणचं ठेवूया. मी नाही ठेवू दिलं. झाकणाच्या आट्यांत गाळाचं पाणी शिरतं, उघडताना तेच आत पडतं. खाण्याचं सगळं टाकलं. पण एका बरणीत आईच्या जुन्या चिठ्ठ्या आणि सोनाराच्या पावत्या होत्या, त्या कोरड्या निघाल्या. स्टीलच्या डब्यातली कागदपत्रं मात्र लगदा झाली होती, डब्याचं झाकण नुसतं दाबायचं असतं, आट्यांचं नसतं.

तेव्हापासून जूनमध्ये मोठ्या तोंडाच्या दोन बरण्या भरून दाराजवळच्या पिशवीत. एकात काड्यापेटी, मेणबत्त्या, सेल. दुसऱ्यात आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, थोडी रोकड, आईच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी. दोन्ही जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. २०२१ ला जुलैत निघायची वेळ आली तेव्हा पिशवी उचलली आणि निघालो. काच जड असते हे खरं. पण भर पावसात काडी पहिल्या झटक्याला पेटली.


अन्नशास्त्र_शिकवलेली_ताई:

धागा वाचत होते, बोलायचं नव्हतं, पण लसणासाठी बोलते.

सुगरणताई, ती बरणी आज रिकामी करा. लसूण जमिनीतून येतो आणि त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. हवेत ते काही करत नाहीत. तेलात बुडवलं की हवा तुटते, लसणात ओल असते, आंबटपणा नसतो आणि ओट्यावर ऊब असते. त्यांना हवं ते सगळं आपण एका बरणीत देतो. त्यातून तयार होणारं विष मज्जातंतूंवर जातं, आणि बरणीला वास येईल किंवा चव बदलेल याची काही खात्री नाही. आजवर काही झालं नाही म्हणजे पुढं होणार नाही असं समजू नका. सोललेला लसूण तेलाशिवाय फ्रीजमध्ये ठेवा. तेलातच हवा असेल तर थोडा करा, फ्रीजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

लगेच कुणीतरी विचारेल, मग लोणचं आणि चटणी कशी टिकते? लोणच्यात आंबटपणा आणि मीठ आहे. पीएच ४.६ च्या खाली असला की हा जिवाणू वाढत नाही. चटणीतला कांदा-लसूण परतून सुकवलेला, मिरची उन्हात कडक वाळलेली, मीठ भरपूर. ओलच नसते. म्हणून ओला चमचा घातला की आपल्या आया ओरडतात, ते बरोबरच आहे.

अमेरिकेच्या त्या बरण्यांत तिकडं लोक फळं, टोमॅटो भरून उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद करतात. ते आंबट पदार्थांपुरतं. शेंगा, भाज्या, मटण यांना खास दाबाचं भांडं लागतं, ११६ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ठरलेला वेळ. आपल्या कुकरच्या शिट्ट्यांवर तो हिशेब बसत नाही. हौस म्हणून पांढरा रस्सा बरणीबंद करायला जाऊ नका. चकती एकदाच वापरायची असते, कडं पुन्हा पुन्हा चालतं.

मिठाबद्दलही सांगते. हवेतली ओल ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि आपल्याकडं जुलैत ती कायम त्याच्या वर असते. काचेची घट्ट बरणी हाच उपाय, पण झाकण प्लॅस्टिकचं. पत्र्याचं मिठानं गंजतं. म्हणजे कॉफीच्या बरण्या मिठाला. आणि चटणी काचेत ठेवायची तर कपाटात. उजेडानं रंग उडतो, चव जायच्या आधी.


सुगरण_राजारामपुरी:

ओतून टाकलं. हात थरथरत होता खरं सांगते. दोन वर्षं करत होते.


घाटावरचा_पोरगा:

काकू, दिव्याची माळ नको म्हणालात, पण पणती चालेल का? त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे आम्ही पंचगंगा घाटावर दिवे लावायला जातो. वारा आला की अर्ध्या पणत्या विझतात, मग काड्यापेटी घेऊन वाकून वाकून कंबर मोडते. मोठ्या तोंडाच्या बरणीत तळाला दोन बोटं वाळू, त्यावर पणती. पेटवायला लांब उदबत्ती. झाकण अर्थातच लावायचं नाही, आणि पेटती बरणी काठाला धरून उचलायची नाही, वरची काच खालच्यापेक्षा जास्त तापते. मी एकदा धरली. लोणच्याच्या पाच द्या की.


पेठेतली_सून:

दोन रविवार गेले, आता सांगते काय झालं.

मशीनवरच्या फळीखाली आठ बरण्या लटकल्या. आमच्या ह्यांनी धागा न वाचताच प्रत्येक झाकणाला एकेक स्क्रू मारला होता. मी काही बोललो नाही, पहिली बरणी त्यांनाच उघडायला लावली. आता दोन-दोन आहेत.

धुतलेल्या बरण्यांना वास नाही, पण झाकणांचा वास काही जाईना. साबण झाला, खायचा सोडा लावून रात्रभर ठेवलं, तीन दिवस ऊन दिलं. झाकणाच्या आतल्या कडेला जो मऊ थर असतो त्यातच पंधरा वर्षांचा लसूण मुरलाय. म्हणून फळीला तसलीच झाकणं गेली. बटणांना वास आला तर आला. साखर, रवा, खसखस यांना कॉफीच्या. लेबलं निघत नव्हती त्यांना कोमट पाण्यात भिजवून वर खोबरेल आणि सोडा चोळला, डिंक लोण्यासारखा सुटला.

पाच बरण्यांच्या काठाला टवके होते. बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, पण अशा काठावर झाकण कधीच घट्ट बसत नाही आणि काचेचा कण अन्नात पडतो तो वेगळाच. वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवीवर मार्करनं 'काच' लिहिलं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात दिल्या. कचऱ्यात नुसत्या टाकू नका, त्यांना हातानं वेगळं करायला लागतं.

देवघरात तीन, स्वयंपाकघरात १७. दोन दाराजवळच्या पिशवीत. आमच्याकडं पुराचं पाणी येत नाही, पण शुक्रवार पेठेतल्या दादांनी लिहिलेलं वाचून भरूनच टाकल्या. पाच घाटाला. पोरा, त्या परत आण, आणि काजळी घासून आण.

अमेरिकेच्या चारांची गंमत वेगळीच. आजोबांनी लिहिलेलं मी आत्तींना वाचून दाखवलं. मेसनच्या हातात काही राहिलं नाही इथपर्यंत आलो तर म्हणाल्या, "आण बघू इकडं ती झाकणं." कडं फिरवून बघितलं, चकती दाताला लावून बघितली. मग म्हणाल्या, पत्रा आहे, मिठानं जाणार, खाली फडक्याचा दादरा घालून वरून नुसतं कडं आवळायचं. चकती नकोच. "दोन झाकणं कोण सांभाळणार" हे त्यांचं म्हणणं अजून तसंच आहे, एक काढून टाकलं एवढंच.

त्याच दुपारी मला लक्ष्मीपुरीत पाठवलं. दोन किलो मिरची, निम्मी ब्याडगी. देठं आत्तींनी खुर्चीत बसून खुडली, उन्हात घालायला आणि डंकावर न्यायला मी. कांदा परतताना मागून तीनदा "अजून" म्हणाल्या. मला तो केव्हाच झाल्यासारखा वाटत होता. चार बरण्या भरल्या, हिंगाचे खडे घातले, वरून खाकी कागद गुंडाळून कपाटात. त्यातली एक दिराच्या पोराला परत जाणार आहे. विमानात कशी नेतोय ते त्यानं बघावं.

राहिल्या १४. नऊ जॅमच्या, पाच कॉफीच्या. जॅमच्यांची झाकणं लसणाची आहेत, आधीच सांगते. कपिलतीर्थ मार्केटला भाजीला येणार असाल तर इथं लिहा, तिथून घर जवळ आहे. पिशवी आणि जुनी वर्तमानपत्रं तुमची तुम्ही आणा.


सुगरण_राजारामपुरी:

कॉफीच्या दोन मला ठेवा. मिठाला.